पोशीरच्या लग्नातलं पनीर

पोशीर ते खालापूर या पट्ट्यात लग्न ठरलं की लोक आधी धोंडूबाईला विचारतात आणि मग भटजींना. यात जरासुद्धा तिखटमीठ लावलेलं नाही. भटजी दुसरा मिळतो. सातशे माणसांचा भात मोकळा, एकसारखा शिजवणारी बाई दुसरी मिळत नाही, आणि हे धोंडूबाईला स्वतःला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. पदर कमरेला खोचून ती मांडवामागच्या चुलाणापाशी उभी राहिली की नवरीचा बापसुद्धा तिच्याशी जरा लांबूनच बोलायचा.

हाताला चव होतीच, पण तिचं नाव झालं होतं ते नाकामुळे. वीसेक वर्षांपूर्वी एका हळदीला आलेली टोपलीभर कोलंबी तिनं नुसती हुंगली आणि खड्ड्यात टाकायला लावली. त्याच टोपलीतला वाटा आधीच घरी नेलेली चार कुटुंबं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सापडली. तेव्हापासून रीतच पडून गेली. सगळा बाजार चुलाणापाशी आणून मांडायचा, धोंडूबाई एकेका टोपावर वाकणार, डोळे मिटून वास घेणार आणि म्हणणार, "चढवा." हा शब्द तिच्या तोंडून निघाल्याशिवाय लाकूड पेटत नसे. रीत इतकी अंगवळणी पडली की लोकांनी पाकिटावरची तारीख बघणंच सोडून दिलं. तारखा वाचायच्या त्या शहरातल्या लोकांनी. आपल्याकडं धोंडूबाई आहे ना!

आणि त्या नाकाला गेली चार वर्षं कसलाही वास येत नव्हता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, जिभेला आंबट-गोड कळायला लागलं, पण वास काही परत आला नाही. कापूर जाळा, नाहीतर सुकट भाजा, तिला सारखंच. धोंडूबाईनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. लग्नघरी ती पूर्वीसारखीच वाकायची, डोळे मिटायची, पण हळूच बोटानं पदार्थ चोळून बघायची, कणभर जिभेवर ठेवायची, तेल उजेडात धरायची. फारच शंका आली तर जोडीला असलेल्या ठकीला दरडावायची, "सांग बघू, कसा हाय वास? इतकी वर्षं माज्यासंगं फिरतेस, शिकलीस का काय?" ठकी बिचारी परीक्षेला बसल्यासारखी हुंगून उत्तर द्यायची आणि धोंडूबाई मान डोलवायची. चार वर्षांत एकाचंही पोट बिघडलं नाही. त्याचा तिला अभिमान होता आणि त्याच अभिमानाच्या खाली, सगळ्यात तळाशी, भीती होती.

यंदा वैशाखात आबाजींच्या रियाचं लग्न निघालं. आबाजी म्हणजे पोशीरचे जुने भातशेतीवाले, बोलण्यात मोकळे आणि मानपानात पक्के. एकुलती एक मुलगी. त्यांनी व्याह्यांना शब्द देऊन ठेवला होता, की जेवणात पनीरची भाजी असेल. वऱ्हाड बदलापूरकडचं, तिकडं आजकाल पनीर नसलं तर लग्नाला लग्न म्हणत नाहीत म्हणे. खालापूरच्या बाजूला एका गोदामात कामाला असलेला त्यांचा भाचा जितेश म्हणाला, "मामा, पनीर माझ्याकडं लागलं. तुमी त्याची काळजीच करू नका."

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला जितेशचा टेंपो आला. कापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतात मांडव होता. मागं लांबलचक चुलाण खणलेलं, कडेला पातेली घासून उलटी घातलेली. जितेशनं ताडपत्री ओढली आणि गोणीतून पनीरची पाकिटं काढून टोपात रचली. एकेक किलोची चाळीस पाकिटं, पांढरीशुभ्र. आबाजी बघतच राहिले.

"भाचा असावा तर असा," ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले.

धोंडूबाईबरोबर त्या दिवशी तिची सून संजना आली होती. संजना खालापूरकडच्या एका दुधाच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला. रविवार, म्हणून सुट्टी. ती कांदे सोलता सोलता उठली, हात धुतले आणि एक पाकीट उचलून उलटंपालटं केलं. मग दुसरं. मग तिसरं. मग पिशवीतून पेनासारखा थर्मामीटर काढून तिनं त्याचं टोक एका पाकिटात खुपसलं.

"आई," ती सासूच्या कानाशी येऊन म्हणाली, "एकावरही तारीख नाय. होती, पण पुसलीय. थिनरनं पुसल्यावर पडतो तसा डाग हाय सगळ्यांवर. आन् सत्तावीस डिग्रीवर आलंय. आमच्याकडं पाचाच्या वर गेलेलं आमी दारातून आत घेत नाय."

धोंडूबाईनं एक पाकीट उजेडात धरून बघितलं. सुनेच्या शब्दावर तिचा विश्वास होता. तोंडावर तसं ती कधी म्हणाली नव्हती, उलट फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर संजनानं तारखेची पट्टी चिकटवायला सुरुवात केली तेव्हा तिनं चांगलीच थट्टा केली होती, "आता कालवणाचाबी वाढदिवस करायचा का गं?" पण पोरगी उगाच बोलणारी नव्हे, हे तिला माहीत होतं.

एव्हाना सगळे गोळा झाले होते. आबाजी, त्यांचे दोघे भाऊ, वाढपी, बायका. वाट बघत होते ती एका शब्दाची.

धोंडूबाई टोपावर वाकली. डोळे मिटले. कण मोडून जिभेवर ठेवला. आंबट नाही, कडू नाही, दुधाचा गोडवा होता. जीभ म्हणत होती, चांगलं आहे. पण जीभ काही तारीख वाचत नाही. तिनं सरळ व्हायला जरा वेळ लावला, आणि मग तिला सोपी वाट सुचली. आजवर जे नाक नसताना असल्यासारखं वापरलं, तेच आणखी एकदा वापरायचं. नाव राहील, पनीरही जाईल.

"वास मारतंय," ती म्हणाली. "नाय चढवायचं."

 जितेशचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"मावशी, काय बोलता? कुठं वास हाय?" त्यानं पाकीट फाडलं आणि आबाजींच्या नाकाशी धरलं. "मामा, तुमी बघा."

आबाजींनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "मला तर कायच वास येत नाय, वयनी."

त्यांच्या भावांनी हुंगलं. वाढप्यांनी हुंगलं. शेवटी ठकीनं हुंगलं आणि ती धोंडूबाईकडं अपराध्यासारखी बघत म्हणाली, "ताज्या दुधावानी लागतंय गं."

"झालं तर!" जितेशला जोर चढला. "दहा जणांना येत नाय तो वास मावशीला कसा आला? वय झालं आता मावशीचं."

कुणीतरी हसलं. आबाजींनी हसणाऱ्याकडं डोळे वटारले, पण त्यांच्याही मनात तेच आलेलं दिसत होतं. संजना पुढं झाली. "काका, वासावर जाऊ नका. तारीख पुसलीय यावरची. आन् हे उघड्यावर गरम होत आलंय."

"तारीख पुसली गेली गोणीत घासून," जितेश म्हणाला. "तुमच्या कारखान्याचे कायदे कारखान्यात. इथं आजवर मावशीच्या नाकावर चाललंय, आन् आज सगळ्यांचं नाक म्हणतंय माल चांगला हाय. मामा, वऱ्हाड दहाला येतंय. व्याह्यांना काय सांगणार?"

आबाजी धोंडूबाईकडं वळले. आवाजात विनवणी होती. "वयनी, चढवा म्हणा. शब्द दिलाय मी."

 धोंडूबाईनंच वीस वर्षं या लोकांना शिकवलं होतं, की नाकाला वास आला तर वाईट आणि नाही आला तर चांगलं. आता सगळ्या गावाचं नाक तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं. नाकाचीच गादी मोडल्याशिवाय हे पनीर खड्ड्यात जाणार नव्हतं, आणि त्या गादीवर ती स्वतः बसलेली होती. "चढवा" म्हटलं तर नाव राहत होतं. दुपारपर्यंत तरी. नंतर सातशे माणसं, त्यांत म्हातारी, लेकुरवाळ्या, मांडवात पळणारी पोरं, आणि हळदीच्या अंगानं बसलेली रिया. तिला त्या क्षणी स्वतःची कीव आली आणि लगेच त्या कीव येण्याचा रागही आला.

"भावजी," ती म्हणाली, "मी आता खोटं बोलले. मला वास आला नाय."

"मंग?"

"मला कसलाच वास येत नाय. चार वर्षं झाली. आजारात गेला तो गेलाच. तुमच्या पुतण्याच्या लग्नात येत नव्हता, तुमच्या साठीला येत नव्हता. मी नुसती वाकायचे. जिभेनं, बोटानं, डोळ्यानं बघायचे आन् चढवा म्हणायचे. कुणाला काय झालं नाय ही देवाची कृपा आन् माजी मेहनत. पण नाक नव्हतं."

ठकीनं तोंडाला पदर लावला.  आबाजींना राग आला होता आणि तो लपवण्यातले ते नव्हते.

"चार वर्षं आमाला फसवलं, वयनी?"

"फसवलं. नाव जाईल म्हणून फसवलं. ते मंग माज्याशी बोला, काय पायजे ते बोला. आदी माजं ऐका. नाक होतं तवाबी मला जे कळायचं ते नासल्याचंच कळायचं. सांग गं संजना, काय म्हणतेस तू घरी."

संजना आबाजींकडं वळली. "दूध नासवणारे जंतू वेगळे आन् माणसाला पाडणारे वेगळे, काका. पहिले वास मारतात, म्हणून कळतात. दुसरे ना वास मारत, ना चव बदलत. थंडीतून बाहेर आलेलं पनीर असं तासन् तास गरम राहिलं की ते वाढत जातात."

"मंग चांगलं उकळून घेऊ," आबाजींचा धाकटा भाऊ म्हणाला. "उकळल्यावर कोण जगतंय?"

"जंतू मरतील. त्यांतल्या काहींनी आदीच विष सोडलेलं असतं, ते उकळून जात नाय."

जितेश मोठ्यानं हसला. "विष म्हणे! हे बघा विष." आणि त्यानं फाडलेल्या पाकिटातला मूठभर तुकडा तोंडात कोंबला. वर आणखी एक. सगळ्यांसमोर चावून चावून गिळला आणि हात झटकले. "बघा, काय होतंय मला?"

आबाजी आता त्याच्याकडं बघू लागले, मग टोपाकडं, मग मांडवाच्या दाराशी टांगलेल्या तोरणाकडं. माणूस शब्दाचा पक्का. त्याला शब्द मोडणं म्हणजे हात मोडण्यासारखं. धोंडूबाईला ते कळत होतं. तिनं आणखी काही समजावलं नाही. ती चुलाणाच्या तोंडाशी गेली आणि लाकडांवर, जिथं काडी लावायची तिथंच, मांडी घालून बसली.

"ही चूल मी मांडलीय," ती म्हणाली. "ते पनीर चढणार असेल तर मी उठत नाय. दुसरी बाई आणा, मला उचलून बाजूला करा, मंग करा काय ते. पण तुमच्या पोरीच्या लग्नात माज्या हातून तुमच्या पावण्यांच्या ताटात हे जाणार नाय."

 मग आबाजी जितेशच्या समोर जाऊन उभे राहिले.

"माज्या डोळ्यांत बघून सांग. तारीख कुणी पुसली?"

जितेशनं डोळ्यांत बघितलं नाही. गोदामात मुदत संपलेला माल फेकण्यासाठी बाजूला काढून ठेवतात, त्यातलाच होता. आठवडा तर उलटलाय, काय होतंय तेवढ्यानं, असं काहीसं तो पुटपुटला.

"कुदळ आणा रं," आबाजी म्हणाले. 

बांधापलीकडं कमरेएवढा खड्डा खणला. संजनानं एकेक पाकीट फाडून आत टाकायला लावलं, म्हणजे कुणी मागून उचलून नेणार नाही. वर चुना, वर माती, वर दगड, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. आणि मग धोंडूबाई लाकडांवरून उठली, लुगडं झटकलं आणि तिच्या आवाजात पुन्हा ती जुनी धार आली.

"आता बघता काय? दहाला वऱ्हाड हाय! नेरळच्या बाजारातून पन्नास किलो बटाटे उचला. वांगी मिळतील तेवढी घ्या, काळी, लहान. ज्याच्या ज्याच्या दारात माड हाय त्यानं पाच-पाच नारळ आणा. ठकी, कांदा भाजायला घे. तोंड काय बघतेस माजं?"

गावानं काम केलं, ते बघण्यासारखं होतं. नारळ आले, खवण्या आल्या, खवणीसकट बायका आल्या. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण पाट्यावर आणि मिक्सरवर दोन्हीकडं पडू लागलं. बटाटे सोलायला संजना सासूशेजारी बसली. 

"तुला धक्का बसला नाय," धोंडूबाई खाली बघूनच म्हणाली. "कवापासून ठावं हाय?"

"दोन वर्षं. गॅसची नळी सुटली होती बघा. सगळ्या घरात वास भरलेला, आन् तुमी तिथंच बसून निवांत वाल सोलत होता."

"आन् बोलली नायस?"

"तुमी सांगाल तवा सांगाल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी डब्यांवर पट्ट्या लावल्या."

धोंडूबाईची सुरी थांबली. त्या पट्ट्यांना ती दोन वर्षं हसत होती. त्या तिच्यासाठी होत्या. तिला भरून आलं आणि ते लपवायला तिनं ठकीला विनाकारण शिवी हासडली.

वऱ्हाड साडेदहाला आलं. बाराच्या मुहूर्तावर अक्षता पडल्या, आणि त्या पडत असताना नवरीच्या आत्येभावाचा, म्हणजे आपल्या जितेशचा मांडवात पत्ता नव्हता. तो मांडवामागं टेंपोच्या चाकाला धरून ओकत होता. उभं राहवत नव्हतं. तोंडचा रंग गेलेला. अकरापासून सहा वेळा झालं, असं त्याला धरून बसलेल्या वाढप्यानं सांगितलं. धोंडूबाईला हे कळलं तेव्हा तिनं वाढणं सोडलं, साखर-मिठाचं पाणी केलं आणि घोट घोट त्याला पाजलं. "बघा, काय होतंय मला" हे त्याचेच शब्द त्याला ऐकवावेत असा मोह तिला झाला, नाही असं नाही. पण पोरगं थरथरत होतं. तिनं त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि आबाजींच्या भावाला गाडी काढायला लावली. कर्जतला सलाईन लागलं. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की वाचलास, दोनच तुकडे खाल्लेस.

पण ते संध्याकाळी. पंगतीला बातमी दुपारीच पोचली होती. एका मुठीनं एका तरण्याताठ्या पोराचं काय झालं ते लोक एकमेकांना सांगत होते आणि बटाटा-वांग्याच्या रश्श्याकडं आदरानं बघत होते. भात मोकळा, वरणावर तूप, रस्सा असा की बदलापूरकरांनी तीनतीनदा वाढून घेतला. पंगत अर्ध्यात आली तेव्हा आबाजी मधोमध येऊन उभे राहिले आणि त्यांनी व्याह्यांना हात जोडले.

"पनीरचा शब्द दिला होता. तो मोडला. आज आमच्या धोंडूवयनीनं स्वतःचं वीस वर्षांचं नाव पणाला लावून ते पनीर गाडायला लावलं. सकाळी मी तिच्यावर चिडलो होतो. आता तुमच्या सगळ्यांदेखत सांगतो, माज्या घरची इज्जत तिनं राखली."

व्याही उठले आणि त्यांनी सरळ वाकून धोंडूबाईला नमस्कार केला. मोठ्या माणसानं आचाऱ्याच्या पाया पडायची कुठलीही रीत नाही. धोंडूबाई एवढी गोंधळली की तिच्या हातातली पळी खाली पडली. पंगतीतल्या बायका हसल्या आणि तीही हसली, आणि तिचा ऊर असा भरून आला की तसा तो नाकाच्या गमजा मारण्याच्या दिवसांतही कधी आला नव्हता.

शेवटची पंगत उठल्यावर खालापूरकडचे एक गृहस्थ भांड्यांपाशी आले. त्यांच्या मुलाचं लग्न पुढच्या रविवारी. धोंडूबाईचं नाव ऐकून स्वयंपाकाला तिलाच बोलवायचं असं त्यांनी आधीच ठरवलं होतं, पण आज मांडवात जे कळलं त्यानं ते बुचकळ्यात पडले होते. हातात सुपारी होती, ती देऊ की नको असं त्यांचं चाललं होतं.

"बाई, तुमचा हात तर बघितला," ते चाचरत म्हणाले, "पण मंग आता... वास कोण घेणार?"

ठकीनं घाबरून धोंडूबाईकडं बघितलं. धोंडूबाईनं काथ्यानं घासत असलेला टोप खाली ठेवला.

"कुणीच नाय घेणार," ती म्हणाली. "मला वास येत नाय, आन् येत असता तरी मी आता त्याच्यावर चूल पेटवली नसती. माल आदल्या दिवशी नाय, त्याच सकाळी आणायचा, बर्फात आणायचा. पाकिटावर तारीख नसेल, पुसलेली असेल, उलटलेली असेल, तर माल दारातून मागं. मंग तो तुमच्या साडूनं आणलेला असो नायतर जावयानं. रुसवेफुगवे तुमी बघायचे. जमत असलं तर सुपारी द्या."

 गृहस्थांनी मान डोलवून सुपारी पुढं केली.

"मला नको," धोंडूबाई म्हणाली, आणि मागं पातेली मोजत असलेल्या संजनाला तिनं दंडाला धरून पुढं आणलं. "हिच्या हातात द्या. चढवा आता ही म्हणणार."

संजनानं राखेचे हात पदराला पुसले आणि ओंजळ पुढं केली.